मसुदा दिल्लीचा, जंगल माहूरचे

मार्च २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. तो निघाला इंग्रजी-हिंदीत. हरकतींना मुदत साठ दिवस आणि देशात टाळेबंदी! दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी बावीस भाषांत भाषांतराचा आदेश दिला, मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

आम्ही विचारतो, लोकांच्या भाषेत बोलायला सरकारला कोर्टाचा हुकूम का लागावा? माहितीचा अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ स्पष्ट आहे: महत्त्वाचे धोरण आखताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करा, माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातले परिणामकारक साधन बघा.

माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध राहतात. गोंडी, कोलामी त्या बावीस भाषांतही नाहीत. संकेतस्थळावर टाकले म्हणजे जनतेला कळवले, हे आम्हाला मान्य नाही. मसुदा ग्रामसभेत त्यांच्या भाषेत वाचा, हरकत तिथेच लिहून घ्या. ज्यांचे जंगल जाणार, त्यांना नियम कळण्याआधीच मुदत संपत असेल, तर हरकती मागवल्या तरी कुणाकडून?