हातगाडी सोडून बॅटरीची गाडी घेताना

मालेगाव, भिवंडी किंवा मुंब्र्याच्या बाजाराच्या रस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहा. हातगाडी ढकलणाऱ्यांच्या मधून बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी लोडरगाड्या जाताना दिसतील. कुणाकडे पावाचे ट्रे, कुणाकडे पाण्याचे जार, कुणाकडे कापडाचे तागे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दोन-अडीचशे किलोची हातगाडी उन्हात ढकलावी लागत नाही, ही लहान गोष्ट नाही.

आम्ही शिक्षक असल्यामुळे मोहल्ल्यातले पालक फॉर्म भरून घ्यायला, कागद वाचून घ्यायला येतात. त्यात या गाड्यांचे कागद असतात. "सर, रोजची पन्नास-साठ रुपयांची लाईट, बाकी सगळा नफा," असे शोरूमवाल्याने सांगितलेले असते. विजेचा हिशेब साधारण बरोबर आहे. "बाकी सगळा नफा" मात्र बरोबर नाही, आणि त्या चुकीच्या हिशेबावर घरातले दागिने मोडले जातात.

आधी गाडी कोणती ते बघू. पायडल असलेली आणि २५० वॉटपर्यंतची मोटर बसवलेली, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी मान्यताप्राप्त दुचाकी असेल, तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही. अंडी, पाव, दूध पोहोचवणाऱ्याला ती पुरते. त्यावरची तीनचाकी म्हणजे ई-कार्ट. हिचा वेगही ताशी २५ किलोमीटरच्या आतच, आणि नियमाप्रमाणे ३१० किलोपर्यंत माल. तिसरी मोठी, महिंद्रा ट्रिओ झोर किंवा पियाजिओ आपे ई-एक्स्ट्रासारखी, पाचशे किलोच्या आसपास माल नेणारी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला आरटीओची नोंदणी, विमा आणि लायसन्स तिन्ही लागतात. नंबरप्लेट हिरवी, त्यावर पिवळी अक्षरे. बॅटरीच्या गाडीला परमिट लागत नाही, ही सूट केंद्र सरकारने २०१८ मध्ये दिली. काही विक्रेते "परमिट नाही" याचा अर्थ "कागदच नाहीत" असा सांगतात. तो धादांत खोटा आहे. जुन्या सायकल-रिक्षेला गॅरेजमध्ये हजार वॉटची मोटर बसवून दिली जाते, तीही कायद्याने मोटार वाहनच ठरते. पण तिची नोंदणी होत नाही, विमा मिळत नाही. अपघातात समोरच्याला इजा झाली तर भरपाई गाडीवाल्याच्या खिशातून.

आता हिशेब. बाजारभाव गावागणिक वेगळे आहेत, म्हणून समजायला सोपे आकडे धरू. ई-कार्टची किंमत दीड लाख. त्यात ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचा लेड-ॲसिड म्हणजे पाण्याच्या बॅटऱ्यांचा सेट. ही ४.८ युनिट वीज झाली, पण चार्ज करताना काही वाया जाते, म्हणून मीटरवर सहाच्या आसपास युनिट पडतील. दहा रुपये युनिट धरले तर साठ रुपये. इथपर्यंत शोरूमवाला खरा.

पण बॅटरीचा सेट संपणार आहे. नवा सेट ३६,००० रुपयांचा आणि तो दीड वर्ष चालला असे धरा. महिन्याला कामाचे २६ दिवस, म्हणजे ४६८ दिवस. रोजचे ७७ रुपये झाले. बघा, विजेपेक्षा बॅटरीचा खर्च जास्त निघाला, आणि तो रोज दिसत नाही. दीड वर्षाने एकदम ३६,००० समोर येतात, तेव्हा घरात शाळेची फी असते नाहीतर बहिणीचे लग्न. मग गाडी दारात उभी राहते आणि माणूस पुन्हा हातगाडी भाड्याने घेतो. म्हणून हे ७७ रुपये रोज रात्री गल्ल्यातून वेगळे काढून ठेवायचे. डब्यात ठेवा, भिशीत टाका, पण ते गाडीचे आहेत, घरचे नाहीत.

लिथियम बॅटरी महाग पडते. ८०,००० रुपयांची बॅटरी तीनच वर्षे चालली तर रोजचे ८५ रुपये, पाच वर्षे चालली तर ५१. लेड-ॲसिडचा सेट शंभर किलोच्या वर भरतो, लिथियम त्याच्या निम्म्याहून हलकी, शिवाय लवकर चार्ज होते. ज्याचे काम रोज आणि भरपूर आहे त्याने लिथियम घ्यावी, असे आमचे मत आहे. मात्र वॉरंटी लेखी घ्या. ती किती महिन्यांची, गाडीवर आहे की बॅटरीवर, आणि बिघडल्यास बॅटरी कुठे न्यायची, हे बिलावर लिहून मागा.

हप्त्याचा प्रश्न इथेच येतो. दीड लाख रोख कुणाकडे असतात? कर्ज म्हणजे व्याज, आणि व्याज म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण पुष्कळ लोक "मजबुरी आहे" म्हणून सही करतात आणि दुसरा रस्ता विचारतही नाहीत. मुराबहा हा एक रस्ता. एखादी बिनव्याजी पतसंस्था, जमातचा फंड किंवा ओळखीचा व्यापारी आधी गाडी स्वतः विकत घेतो, ताब्यात घेतो, मग खरेदीची किंमत आणि आपला नफा दोन्ही उघड सांगून तुम्हाला हप्त्यावर विकतो. दीड लाखाची गाडी १,६८,००० ला, ७,००० रुपयांचे २४ हप्ते. एखादा हप्ता उशिरा गेला तरी १,६८,००० चे १,७०,००० होत नाहीत. व्याजाच्या कर्जापासून त्याचा फरक इथे आहे. मात्र नुसते नाव "मुराबहा" आणि आत दंडावर दंड असेल, किंवा देणाऱ्याने गाडी कधी घेतलीच नसेल, तर कागद घेऊन आपल्या आलिमांकडे जा आणि सहीच्या आधी विचारा.

हप्ता हलाल झाला म्हणून हलका होत नाही. महिन्याचे ७,००० म्हणजे कामाच्या दिवसाला २७० रुपये. त्यात बॅटरीचे ७७, विजेचे ६०. रोज चारशे रुपये गाडीच खाते. टायर, ब्रेक, विमा वेगळे. तेव्हा घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न असा: या गाडीमुळे रोज चारशेपेक्षा जास्त वाढणार आहे का? मंडईतून माल आणायला टेम्पोला रोज तीन-चारशे देणाऱ्याचे उत्तर बहुधा हो आहे. दोन मोहल्ले जास्त फिरून माल विकता येणाऱ्याचेही. पण मशिदीच्या कोपऱ्यावर एकाच जागी उभे राहून भजी विकणाऱ्याला हातगाडीच बरी. गाडी उभी ठेवायला घ्यायची नसते.

बॅटरी लवकर मरते ती बहुतेक वेळा जादा मालाने आणि दुर्लक्षाने. ३१० किलोच्या गाडीवर पाचशे किलो टाकले की मोटर आणि कंट्रोलर तापतात, बॅटरी झपाट्याने उतरते. कंपनी सांगते तेवढे किलोमीटर भरल्या गाडीला, चढावर, थांबत-थांबत मिळत नाहीत. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे, नळाचे नाही, बोअरचे तर नाहीच. पाणी चार्जिंग झाल्यावर घालावे. आधी फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर पुसून व्हॅसलीन लावा. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत गाडी ओढू नका आणि उतरलेली बॅटरी रात्रभर तशीच ठेवू नका. टायरची हवा आठवड्याला बघा. कमी हवेत गाडी जड चालते आणि वीज जास्त खाते. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून नेऊ नये, धुताना जोराच्या फवाऱ्याने वायरिंगवर पाणी मारू नये.

चार्जिंग जिन्याखाली, घरातून बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर करू नका. पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, हवा खेळती हवी. लिथियमला आग लागली तर विझवणे फार अवघड. लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावायचा नाही, आल्याबरोबर गरम बॅटरीला लगेच लावायचा नाही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि तारेवर आकडा टाकून चार्ज केलेल्या गाडीवरची कमाई हलाल कशी म्हणायची, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

शिक्षक म्हणून एक गोष्ट जरा जोराने सांगतो. आमच्या नववी-दहावीतली मुले "अब्बांची गाडी" घेऊन बाजारात फिरताना दिसतात. वेग कमी आहे, शिकायला सोपी आहे, म्हणून घरच्यांना काही वाटत नाही. मालवाहू गाडी चालवायला कायद्याने २० वर्षे पूर्ण लागतात. ई-कार्टच्या लायसन्ससाठी किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण आणि त्याचे सर्टिफिकेट लागते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. बाप आजारी पडला म्हणून मुलगा गाडीवर बसतो, मग पहिली घटक चाचणी बुडते, मग सहामाही. ते आम्ही हजेरीपटात बघतो.

रमजानच्या सुमाराला काही जमाती जकातीतून गरजूंना अशा गाड्या घेऊन देतात. फार चांगले काम आहे. पण बहुतेक उलेमा सांगतात की जकातीत घेणाऱ्याला मालकी मिळाली पाहिजे. म्हणजे आरसी त्याच्याच नावावर हवी. संस्थेच्या नावावर ठेवून "वापरायला दिली" असे चालत नाही. गाडी देताना पहिल्या वर्षाचा विमा, लायसन्सचा खर्च आणि चार्जिंगची जागा यांचाही विचार व्हावा. दहा गाड्या कागदांशिवाय देण्यापेक्षा सात गाड्या पूर्ण कागदांसह दिलेल्या बऱ्या. घेणाऱ्यालाही जकातीबद्दल शंका असते: रोजीचे साधन म्हणून वापरायच्या गाडीच्या किमतीवर जकात नाही. तिच्यातून आलेली कमाई शिल्लक राहून निसाबाएवढी झाली आणि वर्ष उलटले, तर त्या रकमेवर आहे.

बॅटरी संपली की जुना सेट नव्याच्या किमतीत वळता करून दुकानातच द्या, त्याचे पैसे मिळतात. गल्लीत फोडून शिसे काढणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते, आणि ती धूळ जिथे उडते त्याच ओट्यावर आपली मुले खेळतात.