सकाळी हिमेजी, दुपारी आरिमा

जपानच्या सहलींचे बहुतेक कार्यक्रम हिमेजीच्या किल्ल्याला जेमतेम दीड तास देतात. हिरोशिमाहून ओसाकाला जाताना मध्ये उतरायचं, समोरच्या हिरवळीवर फोटो काढायचे आणि पुढची गाडी पकडायची. एवढ्या थोर वास्तूची अशी बोळवण होते याचं मला फार वाईट वाटतं. ओसाकात मुक्काम असेल तर एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. सकाळ हिमेजीला द्या, दुपार आरिमाच्या गरम झऱ्यांना. दोन्ही ठिकाणं ह्योगो प्रांतातच आहेत आणि त्यांचा इतिहासही एकमेकांत गुंतलेला आहे.

हा दुवा म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी. सामान्य घरात जन्मून साऱ्या जपानचा सत्ताधीश झालेला हा माणूस. १५८०च्या सुमारास त्याने हिमेजीत तीन मजली बालेकिल्ला उभारला. ही जागा त्याच्या हवाली करणारा कुरोदा कानबेई हिमेजीचाच. १५७८मध्ये एका बंडखोर सरदाराची समजूत काढायला कानबेई गेला, तर त्यालाच सुमारे वर्षभर कैदेत टाकलं. सुटला तेव्हा पाय कामातून गेला होता. त्यानंतर त्याने आरिमाच्या पाण्यात उपचार घेतले, असं सांगतात. हिदेयोशी स्वतःही आरिमाला पुन्हा पुन्हा जायचा. १५९६च्या भूकंपात गाव उद्ध्वस्त झालं, तेव्हा त्यानेच ते पुन्हा वसवायला घेतलं.

आज दिसतो तो पांढराशुभ्र किल्ला मात्र इकेदा तेरुमासाने बांधवून घेतलेला, १६०९मध्ये पूर्ण झालेला. ओसाकाहून शिन-कायसोकू ही जलद लोकल तासाभरात हिमेजीला पोचवते, तिला वेगळा अधिभार नाही. किल्ला सकाळी ९ला उघडतो, त्या सुमारास दारात हजर राहा. चेरीच्या बहरात झुंबड उडते, तेव्हा तर उशीर नकोच. मार्च २०२६पासून शहराबाहेरच्या प्रौढांसाठी तिकीट २,५०० येन झालं आहे, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत.

आत शिरलात की वाट नीट बघा. बालेकिल्ला समोर दिसत असतो, पण रस्ता तुम्हाला भलतीकडेच नेतो. वळणं, चिंचोळे दरवाजे, मध्येच उतार. रायगड-राजगड पायी हिंडलेल्याला यातला डाव लगेच कळेल, कारण शत्रूला वळवून माऱ्याखाली आणायची युक्ती आपल्या गोमुखी दरवाजांतही आहे. भिंतींना गोल, त्रिकोणी आणि चौकोनी जंग्या आहेत, बाणांच्या वेगळ्या आणि बंदुकांच्या वेगळ्या. पांढरा रंग म्हणजे चुन्याचा गिलावा. समुद्री शेवाळाचा चिकट रस आणि तागासारखे धागे घालून तो कालवतात. लाकडी किल्ल्याला आगीपासून वाचवणारं हे कवच आहे.

बालेकिल्ल्यात बूट काढून पिशवीत घ्यावे लागतात. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत आणि खाली एक तळघर. तळापासून वरपर्यंत दोन प्रचंड खांब गेले आहेत, प्रत्येकी सुमारे २५ मीटर उंचीचे. पूर्वेकडचा जुना, पश्चिमेकडचा विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बदललेला. त्यांना हात लावून उभं राहिल्यावर वरच्या साऱ्या भाराचा अंदाज येतो. जिने शिडीसारखे उभे आहेत, कठड्याला धरूनच चढा. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात भोवतालचं शहर जळालं. किल्ल्यावर पडलेला आगीचा बॉम्ब फुटलाच नाही, म्हणून आज आपण त्या जिन्यांवर पाय ठेवू शकतो. १९९३मध्ये हिमेजी जागतिक वारशाच्या यादीत गेला.

साडेबारापर्यंत बाहेर पडा. जपानी रश्श्यांत बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून शाकाहाऱ्यांनी उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, ओनिगिरी (भाताचा गोळा) घ्यावा. पुढच्या टप्प्यासाठी शिनकानसेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, जादा पैसे मोजावेत असं माझं मत आहे. हिमेजीहून शिन-कोबे जेमतेम पाव तास ते वीस मिनिटं. तिथून भुयारी रेल्वेने एकच स्थानक, तानिगामी. पुढे शिन्तेत्सू या रेल्वेची गाडी घ्यायची आणि आरिमागुचीला बदलायची.

आरिमाच्या आसपास जागता ज्वालामुखी नाही, मग पाणी तापतं कसं? समुद्रतळाचा एक भूपट्ट या भागाखाली खोल शिरतो आहे. त्याच्यातून पिळून निघालेलं खारट पाणी भेगांमधून वर येतं, असं संशोधक मानतात. वर येताना ते स्वच्छ असतं, पण त्यातल्या लोहाला हवा लागली की गढूळ तांबूस होतं. हे ‘किनसेन’, सोन्याचं पाणी. दुसरं ‘गिनसेन’, चांदीचं, नितळ. किन-नो-यू या सार्वजनिक स्नानगृहात सोन्याचं पाणी मिळतं, गिन-नो-यूमध्ये चांदीचं. काही मंगळवारी ती बंद असतात, आधी बघून घ्या.

आपल्याला अवघड वाटते ती गोष्ट सांगूनच टाकतो. स्त्रिया आणि पुरुषांची स्नानं वेगळी असतात, आणि आत अंगावर कपडा चालत नाही. वज्रेश्वरीच्या कुंडात आपण कपड्यांनिशी उतरतो, इथे तसं नाही. बुटक्या स्टुलावर बसून आधी साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, साबण पूर्ण उतरवायचा, केस वर बांधायचे आणि मगच पाण्यात जायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. कोणी कोणाकडे बघत नाही, पाच मिनिटांत संकोच जातो. मंगळसूत्र, जोडवी, अंगठ्या काढून लॉकरमध्ये ठेवा, खारट लोहयुक्त पाण्यात दागिने काळवंडतात. पांढरा टॉवेल तांबूस होतो, म्हणून जुना न्या. पाणी ४२ अंशांच्या वरही असतं. दहा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगावर गोंदण असेल, तर स्नानगृहात आधी विचारून घ्या, अनेक ठिकाणी ते चालत नाही.

वेळ उरला तर ताइको-नो-युदोनोकान हे संग्रहालय बघा. १९९५च्या भूकंपात इथल्या गोकुराकुजी मंदिराची इमारत पडली, आणि खणताना खाली हिदेयोशीच्या स्नानगृहाचे अवशेष सापडले. ते त्याच जागी मांडले आहेत. परतीला आरिमाहून ओसाकाची थेट बस आहे, साधारण तासाभराची. शनिवार-रविवारी तिची जागा आधीच राखून ठेवा.

सोबत सत्तरीचे आईवडील असतील, तर त्यांना बालेकिल्ल्याच्या जिन्यांवर चढवू नका. किल्ल्यालगत कोको-एन ही बाग आहे. तिथे त्यांना निवांत बसू द्या, तुम्ही वर जाऊन या आणि दुपारी सगळे मिळून आरिमाला निघा. गुडघे दुखत असतील आणि कढत पाण्यात उतरायची तयारी नसेल, तरी किन-नो-यूच्या बाहेर पाय बुडवायला फुकट कुंड आहे. नोव्हेंबरात जाणार असाल, तर आरिमाच्या झुइहोजी उद्यानातली मेपलची लाल पानं पाहायला अर्धा तास राखून ठेवा.