मूळ खेळ आणि त्याची पुनर्निर्मिती : मोक्षपटापासून संगणक-खेळापर्यंत

एखाद्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती निघाली की ती मुळाच्या तोडीची आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. आणि त्याचे उत्तर बहुधा आठवणीच्या भरवशावर दिले जाते. ज्याने मूळ खेळ लहानपणी खेळला त्याला नवा फिका वाटतो, आणि ज्याच्या हाती नवाच प्रथम आला त्याला जुना ओबडधोबड भासतो. अशा उत्तरांतून आवडनिवड कळते, खेळाविषयी फारसे काही कळत नाही. मूळ आणि पुनर्निर्मिती यांची तुलना करताना नेमके काय ताडून पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आरंभ संगणकापासून न करता आपल्याच जिल्ह्याशी परंपरेने जोडल्या गेलेल्या एका पटापासून करणे सोयीचे होईल.

हा पट म्हणजे मोक्षपट. उत्तरेत तो ज्ञानचौपड या नावाने प्रसिद्ध आहे आणि आज जगभर खेळल्या जाणाऱ्या सापशिडीचा तो पूर्वज होय. महाराष्ट्रात त्याच्या रचनेचे श्रेय ज्ञानेश्वरांना देण्याची रूढी आहे, आणि शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी नेवासे येथे सिद्ध झाली असल्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात) ही समजूत विशेष जिव्हाळ्याची आहे. तथापि तिला तेराव्या शतकातील पुराव्याचा आधार नाही. उपलब्ध पट सामान्यतः अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. वैष्णव पटांत 72 घरे, जैन पटांत 84, तर सूफी पटांत 100 किंवा 101 घरे आढळतात. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी 1985 मध्ये या पटांचा जो साक्षेपी अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून एवढे निश्चित दिसते की हा एकाच ग्रंथकाराचा खेळ नसून अनेक संप्रदायांनी आपापल्या तत्त्वज्ञानानुसार मांडलेला खेळ होता. म्हणजे भारतातच त्याच्या पुनर्निर्मिती होत होत्या. श्रेयाचा वाद येथेच सोडून देऊ. आपला प्रश्न निराळा आहे.

1831 मध्ये मेजर हेन्री डंडस रॉबर्टसन यांनी असा एक पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिला. पुढे 1890 च्या दशकात इंग्लंडमध्ये हा खेळ बाजारात आला. पहिल्या काही इंग्रजी पटांवर सद्गुण-दुर्गुणांची चित्रे होती. ती हळूहळू गळाली आणि उरले ते आकडे, साप आणि शिड्या. अमेरिकेत 1943 मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून त्यांच्या जागी घसरगुंड्या बसविल्या. या स्थित्यंतराविषयी असे वारंवार सांगितले जाते की मूळ पटात साप अधिक व शिड्या थोड्या होत्या, कारण पापाचा मार्ग सुलभ व पुण्याचा बिकट. आणि इंग्रजांनी त्यांची संख्या समान करून त्यातील तत्त्वच नाहीसे केले. हे विधान सरसकट खरे मानता येत नाही. हरीश जोहारी यांनी 1975 मध्ये ‘लीला’ या नावाने 72 घरांचा जो पट विवरणासह प्रसिद्ध केला, त्यात दहा साप आहेत आणि चढविणारे बाणही दहाच आहेत. म्हणजे संख्येची समानता हा काही केवळ परकीय फेरफार नव्हे. बदल झाला तो याहून खोल जागी, आणि तो पाहण्यासाठी पट समोर ठेवून घरांवर बोट फिरवले पाहिजे.

जोहारींच्या पटात 54 वे घर भक्तीचे आहे. त्यावर सोंगटी आली की ती थेट 68 व्या घरी, वैकुंठात पोहोचते. त्याला लागून असलेले 55 वे घर अहंकाराचे. तेथील साप दुसऱ्या घरापर्यंत, म्हणजे मायेपर्यंत खाली नेतो. संपूर्ण पटातील सर्वात मोठी चढण नव्हे, पण सर्वात निर्णायक चढण आणि एक अतिशय दीर्घ घसरण ही एकमेकांच्या शेजारी बसविलेली आहेत. दोहोंत एका कवडीचे अंतर. भक्ताला अहंकार किती जवळ असतो हे कीर्तनकार तासभर सांगेल. पटाने ते केवळ दोन घरांच्या शेजारामुळे सांगितले. आता घरांवरील नावे पुसा आणि 54 व 55 हे आकडे तेवढे ठेवा. नियम तोच राहिला, साप तोच राहिला, सोंगटीची गतीही तीच. पण शेजाराला अर्थ उरला नाही.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. या पटात ध्येयाचे घर शेवटचे नाही. वैकुंठ 68 वे, आणि पट 72 पर्यंत चालतो. जो वैकुंठ चुकवून पुढे गेला तो 69, 70, 71 असा चालत राहतो आणि 72 व्या घरी तमोगुणाच्या सापाच्या तोंडी पडून 51 व्या घरी, पृथ्वीवर, परत येतो; मग पुन्हा प्रवास. इंग्रजी पटात जिंकण्याचे घर म्हणजे शंभर, सर्वात मोठा आकडा. येथे केवळ नाव बदलले नाही, नियम बदलला. मोक्ष म्हणजे सर्वांच्या पुढे जाणे नव्हे, हे जे विधान मूळ पटाच्या रचनेत होते, त्याचे नेमके उलट विधान नव्या पटाच्या रचनेत आले. शाळेतल्या मुलास गणन शिकविण्यास नवा पट उत्तम, यात शंका नाही. मात्र तो मुळाची सुबोध आवृत्ती आहे असे म्हणणे चुकीचे होय. तो त्याच चालींचा दुसरा खेळ आहे.

येथे दानाचाही विचार करावा लागतो. जेथे सहा कवड्यांनी खेळत, तेथे उताण्या पडलेल्या कवड्या मोजून दान ठरे. कवडी दोन्ही अंगांवर सारखीच पडते असे क्षणभर धरले (प्रत्यक्षात ती अगदी तशी पडत नाही), तर 64 शक्यतांपैकी 20 वेळा तीनचे दान येईल आणि सहाचे केवळ एकदा. फाशाच्या सहाही अंगांना मात्र सारखीच संधी. म्हणजे कवड्यांच्या खेळात तीन घरांपुढचा साप हा खरा धोका व सहा घरांपुढचा जवळजवळ नसल्यासारखा; फाशाच्या खेळात दोन्ही सारखेच. पट तोच ठेवून केवळ कवड्यांच्या जागी फासा आणला तरी भयाची आणि आशेची जागा बदलते. चित्रकाराच्या नजरेस हा बदल दिसणारच नाही.

मोक्षपटाच्या या उदाहरणावरून तुलनेचे तीन थर वेगळे करता येतील : खेळाचे दृश्य रूप, त्याचे नियम, आणि रूप व नियम यांच्या संयोगातून निघणारे विधान. संगणक-खेळांच्या चर्चेत पहिल्या थराविषयीच बहुतेक लिहिले जाते, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण नव्या आवृत्तीचे खरे परीक्षण दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात होते.

परिभाषेच्या दृष्टीने आपल्या ग्रंथपरंपरेचा येथे उपयोग होतो. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात स्वतःची ओवी घुसडणाऱ्यास अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा म्हटले. संगणक-खेळांत ज्याला रीमास्टर म्हणतात त्याची ही वृत्ती होय : मूळ तेच, प्रत स्वच्छ. 2005 च्या ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ची 2018 ची आवृत्ती रीमेक म्हणून ओळखली जाते, पण सर्व चित्रे नव्याने घडवूनही तिने भूमी, राक्षस व लढतींचा क्रम तसाच ठेवला असल्याने, वृत्तीने ती याच वर्गाच्या जवळ आहे. रीमेक म्हणजे पुनर्निर्मिती. येथे कर्त्याला ओवी घालण्याची मुभा असते, किंबहुना त्याच्याकडून तशी अपेक्षा असते. सीक्वेल हा उत्तरखंड. मात्र नावावरून वर्ग ठरवू नये. जपानात 1986 मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा जो दुसरा खेळ निघाला तो पहिल्याचेच नियम अधिक कठीण करून मांडणारा होता. 1988 मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ या नावाने जो विकला गेला तो ‘डोकी डोकी पॅनिक’ हा 1987 चा अगदी निराळा खेळ. पात्रे तेवढी बदललेली. एकाचा वारसा नियमांचा, दुसऱ्याचा केवळ नावाचा. तरी या दुसऱ्यातील चारही पात्रांचे निरनिराळे गुण मालिकेत पुढे टिकले. दत्तक पुत्रानेही घराणे पुढे न्यावे, तसे हे झाले.

ज्यांनी 1990 च्या दशकात गावातील संगणक-वर्गांत चोरून खेळ खेळले असतील, त्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवत असेल. जॉर्डन मेकनर यांच्या या 1989 च्या खेळात राजकन्येला सोडविण्यास एक तास मिळे, आणि तो खऱ्या घड्याळाचा तास होता. राजपुत्र मेला तर त्या टप्प्याच्या आरंभी परत यावे लागे. गेलेली मिनिटे मात्र परत मिळत नसत. 2003 च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्राच्या हाती एक खंजीर दिला आणि त्याच्या योगे चुकलेली उडी मागे फिरवून पुन्हा घेता येऊ लागली. वाळूचे घड्याळ दोन्हीकडे आहे. पण पहिल्या खेळात काळ निष्ठुर आहे, दुसऱ्यात तो विनंती ऐकतो. दृश्य आणि कथा यांची तुलना करून हा फरक सापडला नसता. प्रस्तुत लेखकास यापैकी जुनाच खेळ श्रेष्ठ वाटतो. पण नव्यात चुकीची शिक्षा सौम्य झाल्यामुळेच उड्यांचे धाडस वाढले, हेही मान्य केले पाहिजे. नियम बदलून नवे विधान करणे हा दोष नव्हे. बदल केला आणि विधान मात्र काहीच उरले नाही, तर तो दोष.

याचा एक चांगला नमुना ‘रेसिडेंट ईव्हिल 2’ या भयकथात्मक खेळाचा. 1998 च्या मुळात दृश्यकोन प्रत्येक खोलीत ठरलेला असे. कोपऱ्याआड काय आहे ते पात्राला दिसू शकले असते, पण खेळणाऱ्याला दिसत नसे. भीती त्या अज्ञानातून येई. 2019 च्या पुनर्निर्मितीत कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला आणि ते अज्ञान संपले. मग भीती कोठून आणावी? निर्मात्यांनी मुळात ठराविक प्रसंगीच येणाऱ्या एका अजस्र पाठलाग करणाऱ्यास इमारतीत मोकळा सोडला आणि त्याच्या पावलांचा आवाज भिंतींपलीकडून ऐकू येऊ दिला. डोळ्यांचे अज्ञान गेले, त्याची भरपाई कानाने केली. नियम बदलला, कार्य टिकले. भाषांतराच्या क्षेत्रात शब्द सोडून अर्थ राखणाऱ्या भाषांतरकाराचे आपण जे कौतुक करतो, तेच येथे करावे.

‘फायनल फँटसी 7’ची कथा आणखी निराळी. 1997 च्या मुळातील केवळ आरंभीच्या शहराचा भाग घेऊन 2020 मध्ये स्वतंत्र खेळ निघाला, आणि त्यात मूळ कथानकापासून ढळणाऱ्यांना रोखणाऱ्या छायारूप शक्ती आणल्या. म्हणजे मुळाशी निष्ठा राखावी की नाही, हा वाचकाचा प्रश्नच कथेचा विषय झाला. ही कल्पना चतुर आहे. अभ्यासकाला ती जितकी रुचते तितकी साध्या खेळणाऱ्याला रुचते काय, याविषयी शंका वाटते.

आपल्याकडचे अगदी अलीकडचे उदाहरण लूडोचे. पचिशीतून इंग्लंडात लूडो झाला, 1896 मध्ये त्यास पेटंट मिळाले. आणि 2016 मध्ये नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने ‘लूडो किंग’ काढला, ज्यात सापशिडीही आहे. 2020 च्या टाळेबंदीत तो घरोघर पोहोचला. पचिशीत समोरासमोर बसलेले दोघे भिडू असत आणि स्वतःची सोंगटी अडवून भिडूची सोंगटी वाचविणे ही तिची मुख्य कला होती. लूडोच्या रूढ खेळात प्रत्येक जण एकटा. फाशाऐवजी यंत्र दान देते हा फरक त्यापुढे लहान आहे. नगरहून नेवाशाकडे जाणाऱ्या एस. टी. गाडीत शेजारचे विद्यार्थी भ्रमणध्वनीवर सापशिडी खेळताना पाहिले म्हणजे हा खेळ परदेशाची फेरी करून घराच्या दारातून जात आहे आणि घर ओळखत नाही, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

मात्र या सर्व तुलनेला मूळ हाती असणे आवश्यक आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार 2010 पूर्वी त्या देशात निघालेल्या अभिजात खेळांपैकी 87 टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाले आहेत. अशा स्थितीत पुनर्निर्मिती मुळाच्या शेजारी उभी न राहता त्याची जागाच घेते. आणि पुढील पिढी तिलाच मूळ समजते, जशी आपण सापशिडीला इंग्रजी समजत आलो. संगणक-खेळांच्या बाबतीत निदान जुनी तबकडी व जुने यंत्र कोणाच्या तरी कपाटात असते. मोक्षपट कापडावर किंवा कागदावर रंगविलेला. तो विरतो, आणि त्याचे नियम तर पटावर लिहिलेले नसतातच.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी विषय हवा असल्यास तो येथे आहे. जिल्ह्यातील मठांत, देवस्थानांत व जुन्या घरांत असा पट आढळला तर केवळ छायाचित्र घेऊन थांबू नये. प्रत्येक घराचे नाव जसे लिहिले आहे तसेच, अशुद्ध असले तरी, उतरवून घ्यावे. प्रत्येक सापाचे तोंड व शेपूट आणि प्रत्येक शिडीचा पाया व माथा कोणत्या घरात आहे ते नोंदवावे. कवड्या किती, एकही उताणी न पडल्यास किती दान मानीत, मोक्षाचे घर ओलांडले तर सोंगटी कोठे जाई, आणि एक जण पोहोचल्यावर बाकीचे खेळत राहत की पट उचलीत, हे घरातील सर्वात वृद्ध व्यक्तीला विचारावे. आणि शक्य तर विचारण्याऐवजी तिच्याबरोबर एक डाव खेळावा, कारण पुष्कळ नियम हाताला आठवतात, तोंडाला आठवत नाहीत.