खडखडाट आधी शोधा, मग शीट लावा

अमळनेर–पारोळा रस्त्यावर जुनी मारुती ८०० खडखडायला लागली, की लगेच कंपन दाबणारी शीट आणायला धावू नका. एकाने गाडी चालवावी, शेजारच्याने डॅशबोर्ड, दाराचं पॅड हाताने दाबत जावं. दाबल्यावर आवाज थांबला, तर तिथला स्क्रू आवळा, नाहीतर फेल्टची पट्टी लावा. मग दारांची कडक झालेली रबरं बदला. वाऱ्याचा आवाज बहुतेक तिथूनच शिरतो. पत्र्याच्या कंपनावर ब्युटाइल शीट चांगली. सगळा पत्रा मढवू नका, साधारण २५ टक्के भाग पुरतो. डांबरी शीट स्वस्त पडते, पण खानदेशी उन्हाळ्यात ती मऊ होऊन सुटू शकते, वासही मारते. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र अजिबात बुजवू नका, पत्रा आतून सडतो.