भाषा शिकाले परदेशात कायले?

कुही तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते भरून झाले, वही मिटणार तेवढ्यात एक ताई खाली मान घालून म्हणाल्या, "माही पोरगी परदेशात शिकाले जातो म्हणते. भाषेचं काहीतरी शिक्षण हाय." घडीभर सगळ्या गप्प. मग एक आजी बोलल्या, "भाषा तं तोंडात रायते वं बाई. ते शिकाले परदेशात कायले?" सगळ्या खळखळून हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत.

का हसल्या नाहीत ते नंतर कळलं. शेळ्यांसाठी म्हणून गटातून घेतलेल्या कर्जातले पंचवीस हजार त्यांनी नागपुरातल्या एका प्रवेश सल्लागाराला देऊन टाकले होते. पावती नाही. वर त्या सल्लागाराने मुलीला सांगितलं की भाषेत काही ठेवलेलं नाही, व्यवस्थापनाच्या कोर्सला अर्ज भरू. म्हणजे पैसेही गेले आणि विषयही. शेळी काही आली नाही, हे गटाच्या ध्यानात कधीतरी येणारच होतं. म्हणून ताईंनी स्वतःच सांगून टाकलं.

कर्जाचं काय करायचं ते पुढच्या बैठकीवर ठेवलं. पण आजींचा प्रश्न आमच्या डोक्यात घोळत राहिला. आम्ही बी.ए. केलं, मराठी विषय घेऊन केलं, तरी भाषाविज्ञान म्हणजे नेमकं काय ते आम्हालाही धड सांगता येत नव्हतं. मग विचारपूस केली, वाचलं. त्यातलं जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, भाषाविज्ञान शिकणं म्हणजे दहा भाषा बोलायला शिकणं नव्हे. माणूस बोलतो तेव्हा काय घडतं याचा तो अभ्यास आहे. एक प्रयोग करा. "सारं जग झोपलं" असं म्हणा, मग "पाण्याचा जग भरला" असं म्हणा. अक्षरं तीच, पण जीभ वेगळ्या जागी लागते. "माझा" आणि "माझी" म्हणून पाहा, तिथेही झ बदलतो. आपल्याला हे कोणी शिकवलेलं नाही, तरी चार वर्षांचं लेकरूही त्यात चुकत नाही. हे नियम शोधून काढणं हे भाषाविज्ञानाचं काम.

आता आपल्या नागपूरचीच गोष्ट. राजेश्वरी पंढरीपांडे या बाईंनी नागपूर विद्यापीठातून संस्कृतमध्ये पीएच.डी. केली आणि नंतर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून भाषाविज्ञान शिकायला गेल्या. 1981 साली तिथे त्यांची दुसरी पीएच.डी. झाली आणि पुढे त्याच विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. 1997 मध्ये त्यांनी मराठीचं सविस्तर व्याकरण इंग्रजीत लिहिलं. जगात कुठेही कोणाला मराठीची घडण समजून घ्यायची असेल, तर ते पुस्तक हाताशी येतं. 2003 मध्ये मध्य भारतातल्या बहुभाषिकतेवर, म्हणजे मराठी-हिंदीच्या शेजारावर, त्यांचं आणखी एक पुस्तक आलं.

हा शेजार तुमच्या-आमच्या तोंडातच आहे. पुण्याची बाई विचारते, "काय करतेयस?" आपण विचारतो, "काय करून राहिली?" हिंदीत म्हणतात, "क्या कर रही है?" तिन्ही शेजारी ठेवून पाहा. आपलं "राहिली" कुठून आलं ते लगेच दिसतं. पिढ्यान् पिढ्या मराठी आणि हिंदी बोलणारे एका बाजारात, एका गिरणीत, एका वस्तीत राहिले. त्यातून ही घडण तयार झाली, आणि ती ठराविक नियमाने चालते. "जाऊन राहिली", "खाऊन राहिली", "पाऊस येऊन राहिला", कुठेही लावा, नियम मोडत नाही. नियमाने चालणाऱ्या गोष्टीला चूक म्हणत नाहीत, बोली म्हणतात.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. कॉलेजात असताना एका स्पर्धेत आम्ही "केल्या जाते" म्हणालो आणि परीक्षकांनी सगळ्यांसमोर थांबवून "केले जाते म्हणा" असं सुनावलं होतं. त्यानंतर दोन वर्षं माइकपुढे उभं राहायची हिंमत झाली नाही. आज रेडिओवर बोलतो म्हणून हे सांगतो. "केल्या जाते", "दिल्या गेले" अशी विदर्भाची रीत आहे, इथे शिकलेली माणसंही तसं बोलतात.

गंमत म्हणजे पंढरीपांडे बाईंचा 1981 चा प्रबंध याच प्रकारच्या वाक्यांवर होता. मराठी-हिंदीसह दक्षिण आशियातल्या निवडक भाषांमध्ये "केलं गेलं" अशी वाक्यं कशी बनतात आणि त्यांचा अर्थ काय होतो, हा त्यांचा विषय. तुम्ही म्हणाल, यात अभ्यास करण्यासारखं काय? ग्रामसभेत बसून ऐका. "सरपंचांनी निधी खर्च केला" आणि "निधी खर्च केल्या गेला". दुसऱ्या वाक्यात सरपंच कुठे गेले? वाक्याच्या घडणीनेच त्यांना पडद्याआड नेलं. पुढच्या ग्रामसभेत "केल्या गेला" ऐकू आलं की विचारा, कोणी?

आपल्याकडून बाहेर शिकायला जाणं जुनं आहे. अशोक केळकर अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात शिकून 1958 मध्ये पीएच.डी. झाले, परत येऊन पुण्यात त्यांनी भाषाविज्ञानाचे विद्यार्थी घडवले. उलट दिशेनेही माणसं आली. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन बाई पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थिनी. फलटणमध्ये राहून त्यांनी तिथली माणसं कशी बोलतात याचा अभ्यास केला आणि 1973 मध्ये त्यावर प्रबंध पूर्ण केला. अभ्यास संपला तरी त्या परतल्या नाहीत. भारताचं नागरिकत्व घेतलं, फलटणच्या वस्त्यांमधल्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवलं, आणि तिथेच मराठी माध्यमाची कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. आपल्या जवळच वर्ध्याच्या आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही परदेशी मुलंमुली हिंदी शिकायला येतात. आपल्या भाषेसाठी कोणी समुद्र ओलांडून येतं, तर आपल्या पोरीने जाणं एवढं नवलाचं नाही.

आता व्यवहाराचं बोलू. सल्लागाराकडे पैसे जातात ते माहिती नसते म्हणून.

विद्यापीठात अर्ज करायला मध्यस्थ लागत नाही. अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मुलगी स्वतः भरते. अमेरिकेत वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, पण अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. म्हणजे वर्षभर आधी तयारी हवी. सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, शिकवणाऱ्या प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रं, आयईएलटीएस किंवा टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षा (आयईएलटीएसचे गुण दोन वर्षंच चालतात, म्हणून फार आधी देऊन ठेवू नये), आणि स्वतःचं एक निवेदन. मला हा विषय का शिकायचा, कोणता प्रश्न सोडवायचा, हे त्यात लिहायचं असतं. हे निवेदन सल्लागाराकडून विकत घेऊ नका. "करून राहिली" म्हटल्यावर शाळेत मार खाल्लेल्या मुलीजवळ सांगण्यासारखं खूप असतं, ते तिचं तिनेच लिहावं.

पैशाचं गणित देशागणिक बदलतं. अमेरिकेत एम.ए.ला बहुतेक स्वतःचा पैसा लागतो. पीएच.डी.ला मात्र अनेक विद्यापीठं फी माफ करतात आणि शिकवण्याच्या कामाबद्दल महिन्याला पैसे देतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. "तिथे गेल्यावर हॉटेलात काम करून फी निघेल" असं कोणी सांगितलं तर त्याला नमस्कार करा आणि उठा. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो खात्यात आधी दाखवावे लागतात. आपले दहा लाखांहून जास्त झाले. ते पैसे आपलेच राहतात, महिन्याला ठराविक रक्कम काढता येते. पण आधी आणायचे कुठून?

शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती समाजकल्याण विभागाकडून मिळते. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वर असावं लागतं. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. पण तिथे एक मेख आहे. 2022 पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक विषय यांच्यासाठी ती मिळत नाही. म्हणजे शेतमजुराच्या पोरीला परदेशात जाऊन आपल्याच माणसांच्या बोलण्याचा अभ्यास करायचा असेल, तर ती अडायची शक्यता आहे. आम्हाला हे पटत नाही, पण नियम आहे तो सांगितला पाहिजे. नियम बदलत असतात, त्यामुळे समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाचा शासन निर्णय मागा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे घर-शेत गहाण न ठेवता मिळतं. त्यापुढे तारण मागतात. तिथे मात्र दहादा विचार करा, कारण या विषयात नोकऱ्यांची रांग लागलेली नाही. शिकवणं, शब्दकोश, पाठ्यपुस्तकं, भाषांतर, आणि अलीकडे मोबाइल-संगणकाला आपली भाषा समजावी म्हणून चालणारं काम, असे रस्ते आहेत. पण धुरा विकून जावं असा हा विषय नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि सुरुवात इथूनही होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचं एम.ए. आहे. राज्य मराठी विकास संस्थेबरोबर याच कॉलेजने महाराष्ट्रभर मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं, गावोगाव जाऊन माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश सरकारचे अधिकारी ग्रियर्सन यांनीही असं सर्वेक्षण केलं होतं. 1905 मध्ये निघालेल्या त्यांच्या मराठीच्या खंडात नागपुरी आणि वऱ्हाडीचे नमुने छापलेले आहेत. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे.

पुढच्या बैठकीत हे सगळं त्या मुलीसमोर मांडलं. ती म्हणाली, आधी पुण्यात एम.ए. करीन, मग बाहेरचं पाहीन. गटाने ताईंना कर्ज फेडायला आठ महिने दिले. दोघींनी विरोध केला, शेळी सांगून पैसा दुसरीकडे वापरणं त्यांना खपलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं आहे. सल्लागाराकडे आम्ही पाच जणी जाऊन बसलो तेव्हा पंधरा हजार परत मिळाले. दहा अजून बाकी आहेत.

सध्या ती मुलगी सकाळी बायांबरोबर वावरात जाते. निंदण, डवरणी, पऱ्हाटी, बोंड, सरकी, एकेक शब्द वहीत लिहून घेते. "डोळा"ला कोण "डोया" म्हणतं, "मला"च्या जागी "मले" कोण म्हणतं, सासर-माहेरच्या गावांनी त्यात काय फरक पडतो, हे विचारत बसते. परवा तिने त्याच आजींच्या पुढ्यात मोबाइल ठेवला. आजींनी पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "माहं बोलणं डब्यात कायले भरून राहिली वं?" ते वाक्यही मोबाइलात आलं आहे.