किरारीचा लाकडी स्तंभ

रायपूर शहराचा जुना भाग म्हणजे पुरानी बस्ती. महामाया देवीचे मंदिर, जवळचा दूधाधारी मठ आणि भोवतालच्या अरुंद गल्ल्या यांतून हिंडताना गतकाळ अजून नांदता आहे असे वाटते. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्या काळापासून या मुलखाशी मराठी माणसांचाही ऋणानुबंध आहे. अशा वस्तीत राहणाऱ्यांनी जुन्या वस्तू पाहण्यासाठी निराळे कोठे कशाला जावे, असे कोणी म्हणेल. तरीही सुटीच्या एखाद्या दिवशी मुलांना बरोबर घेऊन शहरातीलच महंत घासीदास स्मारक संग्रहालयात अवश्य जावे.

राजनांदगावचे अधिपती महंत घासीदास यांनी १८७५ साली या संग्रहालयाचा पाया घातला. पुढे त्याच घराण्यातील राणी ज्योतिदेवी व त्यांचे पुत्र दिग्विजयदास यांच्या औदार्याने नवी वास्तू उभी राहिली आणि १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सिरपूरच्या धातुमूर्तींपुढे पाहुणे सहजच थबकतात. परंतु वाचकांनी किरारीच्या लाकडी स्तंभापाशीही थोडा वेळ उभे राहावे. डोळ्यांना तो साधाच दिसेल. त्याची हकीकत मात्र विलक्षण आहे.

१९२१ सालच्या उन्हाळ्यात त्या वेळच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावी तळे आटले होते. गाळ उपसताना लाकडाचा एक जुना खांब हाती लागला. त्यावर अक्षरे कोरलेली होती, पण ती कोणालाच वाचता येईनात. खांब बाहेर उन्हात पडून राहिला. लाकूड वाळू लागले, त्याच्या खपल्या निघाल्या आणि खपल्यांबरोबर अक्षरेही गळून पडू लागली.

शेकडो वर्षे पाण्यात टिकलेले लाकूड वर येताच का नासावे? याचे उत्तर सोपे आहे. तळ्याच्या गाळात हवा फारशी पोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजविणाऱ्या जीवांचे तेथे फारसे चालत नाही. लाकडाच्या सूक्ष्म पेशींत पाणी भरून राहते आणि तेच तिला आतून आधार देते. ते पाणी एकाएकी आटले की पेशी आक्रसतात व लाकूड तडकते. १६२८ साली बुडालेले ‘वासा’ हे स्वीडनचे जहाज १९६१ साली स्टॉकहोमच्या बंदरातून वर काढले, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांना ही गोष्ट ठाऊक होती. म्हणून मेणासारख्या एका रसायनाचा फवारा त्यांनी त्या जहाजावर सतरा वर्षे चालू ठेवला. किरारीच्या गावकऱ्यांना हे ज्ञान कोठून असणार?

परंतु गावात लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाचे एक पंडित होते. त्यांना ती लिपी येत नव्हती. तरी जे दिसले ते, जसे दिसले तसे, त्यांनी कागदावर उतरवून घेतले. पुढे पुरातत्त्वज्ञ हीरानंद शास्त्री यांनी त्या नकलेच्या आधारे लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. लिपी ब्राह्मी निघाली आणि लेखाचा काळ इसवी सनाचे दुसरे शतक ठरला.

त्या लेखात अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे आहेत. नगराचे रक्षण करणारा, सेनापती, प्रतिहार, हिशेब ठेवणारा गणक, भांडारावरचा भांडागारिक, हत्तीवरचा व घोड्यावरचा स्वार, पाकशाळेचा महानसिक, गाईंच्या कळपांवरचा गोमंडलिक, पत्रे पोचविणारा लेखहारक! अठराशे वर्षांपूर्वीचे एक राजदरबार जणू रांगेने आपल्यापुढे उभे राहते. शाळेतल्या पुस्तकांत राजांच्या लढाया असतात. येथे कोठारवाला आणि स्वयंपाकघराचा अधिकारीही भेटतो. पंडितजींनी त्या दिवशी लेखणी उचलली नसती, तर यांतील बहुतेकांचा मागमूसही उरला नसता.

अशीच एक कथा मिसरची आहे. १७९९ साली रोझेटा गावाजवळ फ्रेंच सैनिकांना तीन लिप्यांतील लेख असलेली शिळा सापडली. विद्वानांनी तिला शाई लावून कागदावर ठसे घेतले. दोनच वर्षांनी फ्रेंचांचा पाडाव झाला, शिळा इंग्रजांकडे गेली आणि १८०२ पासून ती लंडनला आहे. पण ठसे व प्रती युरोपभर पोचल्या होत्या. त्यांच्याच आधारे शांपोलियोंने १८२२ साली मिसरच्या चित्रलिपीचा उलगडा केला. शिळा एका देशाच्या हाती लागली, ज्ञान मात्र सर्व जगाचे झाले.

म्हणून संग्रहालयात केवळ वस्तू पाहून पुढे जाऊ नये. ती कोठे सापडली, कोणी ओळखली आणि तिची नोंद कोणी ठेवली, हेही मुलांना विचारावयास शिकवावे. घरोघरी जुनी दानपत्रे, पोथ्या, कुळाच्या वंशावळी असतात. देवळाच्या पायरीवर झिजत चाललेला एखादा लेखही असतो. आपल्याला तो वाचता येईलच असे नाही. त्याचे छायाचित्र घ्यावे, तो कोठे आहे ते लिहून ठेवावे आणि जाणकारांना कळवावे. किरारीच्या पंडितजींपाशी कागद आणि लेखणी एवढीच साधने होती, आणि तेवढ्यावर त्यांनी एक राजदरबार वाचविला.