सांदणच्या सावलीत

मे महिन्यात डोंगरात जायचे म्हटल्यावर घरातून विरोध व्हायचाच, तसा तो झाला. "सुट्टीत लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात," हे सौ.चे म्हणणे काही चुकीचे नव्हते. पण चिरंजीवांनी हट्ट धरला आणि आम्ही तिघे भंडारदऱ्याहून साम्रदला पोहोचलो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले साम्रद हे रतनगडाच्या परिसरातले लहानसे गाव. या बाजूचा पाऊस प्रवरेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळतो. गावामागच्या सांदण दरीत पडलेला पाऊस मात्र थेट कोकणात उतरून अरबी समुद्राची वाट धरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या या कातळात एक भेग होती. पावसाच्या पाण्याने ती कोरत नेली आणि २०० फुटांहून खोल घळ तयार झाली.

गावातले एक मामा वाटाड्या म्हणून सोबत आले. वर कातळावर हात टेकवत नव्हता. घळीत शिरलो आणि जणू माठाजवळ येऊन बसलो! ऊन वरच राहिले. काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागत. पहिल्या डबक्यात गुडघाभर पाणी होते, आणि इतके गार की मघाशी कुरकुरणाऱ्या सौ.च आता बाहेर निघेनात.

तेवढ्यात चिरंजीवांनी वर बोट दाखवले. दोन पुरुष उंचीवर, कपारीत एक ओंडका अडकला होता.

"तो कुणी ठेवला?"

"पाण्यानं," मामा म्हणाले.

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत.

अर्धा तास चाललो असू. वाऱ्याची एक झुळूक आली, तिला ओल्या मातीचा वास होता. मामा थबकले. "साहेब, मागं फिरा."

माथ्यावरची आभाळाची पट्टी तर निळीशार होती! चिरंजीवांचे डोळे भरून आले. मीही थोडी हुज्जत घातली. मामा शांतपणे म्हणाले, "हितून आभाळाची चिंधी तेवढी दिसती. पाऊस तिकडं डोंगरावर पडला तरी पाणी हितंच येणार. पळायला जागा हाय का?"

दोन्हीकडे सरळ भिंती. जागा नव्हती.

वर आलो तेव्हा रतनगडावर काळा ढग टेकला होता. चार टपोरे थेंब पडले आणि ढग निघून गेला. पुन्हा लख्ख ऊन! चिरंजीव चिडून म्हणाले, "बघा, उगाच आलो ना परत?"

"आसंल उगाच," मामा म्हणाले. "पण पाऊस आला आसता, तर हे इचारायला कोण राहिलं आसतं, बाळा?"

पावसाळ्यात सांदणमध्ये उतरायचे नसते, हे बहुतेकांना ठाऊक असते. वळवाचा पाऊस मात्र आपण हिशेबात धरत नाही. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे, प्यायचे पाणी भरपूर घ्यावे आणि गावातल्या माणसाला सोबत न्यावे. तो रस्ता दाखवतोच, पण "मागं फिरा" हे सांगण्यासाठीही तो हवा असतो.

निघताना ठरल्याहून थोडे जास्त पैसे मी पुढे केले. मामांनी ठरले तेवढेच घेतले. म्हणाले, "आर्धीच दरी दाखवली. बाकीची पुढल्या साली."

त्या दिवसापासून चिरंजीव आमच्या कॅलेंडरवर दिवस मोजताहेत.